पौंडातला जोर

नागदेवीच्या दुकानात हकीमुद्दीनभाय विचारतो,
होडी केवढी?
अठरा फुटी, मी म्हणते, फायबरची,
दोन माणसं, एक वाणा, एक बर्फाची पेटी.
वजन?
मासळी धरून की मासळीवाचून?
त्याचं पेन थांबतं.
गेल्या सात वर्षांचं विचारशील भाय,
तर मासळीवाचूनच धर.

मग तो खोक्यांतून मोटरी काढतो,
पांढऱ्या, लांब मानेच्या,
थर्माकोलचे दाणे माझ्या ओढणीला चिकटतात.
हिचा जोर चाळीस पौंड, हिचा पंचावन्न,
ही ऐंशीची, पण हिला दोन बॅटऱ्या.
जोर पौंडात मोजतात हे मला आज कळलं.
आमच्यात तो मोजायचा
माहुलच्या जेट्टीपासून कांदळवनाच्या टोकापर्यंत
किती वेळा वल्हं थांबलं, त्यावरून.

पाणी गोडं की खारं?
इथे मी जरा अडते.
खारं आहे. शिवाय काळं आहे.
रिफायनरीच्या बाजूनं येतं तेव्हा त्यावर रंग फिरतात,
आणि सुकतीला तर पाणीच नसतं,
नुसता चिखल, त्यात निवट्या आणि दुधाच्या पिशव्या.
तो म्हणतो, खाऱ्यासाठी हिच्या बुडाशी जस्ताचा तुकडा असतो,
मीठ आधी त्याला खातं, मोटरीला नंतर.
मी तो तुकडा बोटानं चाचपते. बोराएवढा.
आमच्या घरात हे काम आय करते.

दांडा किती लांब हवा, ते मोजून आणलंय.
टेप नव्हता. दोरीला गाठी मारल्यात,
मागच्या फळीपासून पाण्यापर्यंत एक,
पाण्याखाली दोन वीत सोडून दुसरी.
हकीमुद्दीनभाय दोरी पट्टीवर ताणतो,
छत्तीस इंच, म्हणतो,
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसतो.

बापूस दाराशी स्टुलावर.
त्याचा उजवा कान जुन्या डिझेल मशीननं नेला,
डावा खांदा वल्ह्यानं.
पिंपात बुडवून मोटर चालू केली
तर आवाजच नाही. पाण्यात भोवरा, बस्स.
बिघडेल हाय, तो म्हणतो.
मी त्याचा हात धरून पिंपाला लावते.
तो बराच वेळ तसाच ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मी ऐंशीचीच घ्यावी म्हणते.
ओहोटीला तोंड देऊन परत यायचं
तर पंचावन्न कमी पडणार, जेट्टीवरची सगळी पोरं सांगतात.
बापूस मान हलवतो.
ओहोटीशी भांडाय कशाला जातेस गो?
तिला विचारून निघायचं.
अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, तवा लांब जावा,
अमावस-पुनवेला कडेकडेनं.
पन्नास वर्षं मना कुणी दुसरी बॅटरी दिली नाय.

पंचावन्नची घेतली.
हप्ते अकरा. जस्ताचे दोन तुकडे जास्तीचे.
टॅक्सीत ती माझ्या मांडीवर आडवी, मान खिडकीबाहेर,
चेंबूरच्या सिग्नलला एक पोरगं विचारतं, पंखा काय?
घरी ओट्यापाशी प्लग एकच.
रात्री आय फ्रिज काढते, बॅटरी लावते,
उरलेली बोईटं बर्फात घालून वर गोणपाट टाकते.
पहाटे लाल दिवा हिरवा झालेला असतो
आणि बापूस होडीत वल्ही ठेवत असतो, दोन्ही.
मी काही म्हणत नाही.
बॅटरी थोडी सरकवते,
त्यांना जागा करते.