उष्टा वारा

ब्रनोच्या बाहेर, बीटच्या शेतांपलीकडे,
चार नंबरच्या चाचणीखोलीत
इंजिन जखडून ठेवलंय लोखंडी खाटेला.
चाकं नाहीत, रस्ता नाही,
तरी सकाळपासून ते चढतंय एक घाट
जो फक्त माझ्या पडद्यावर आहे.

जाड काचेपलीकडे टर्बोचं कवच
आधी काळं, मग जांभळट, मग निखारा.
इंजिनाने टाकलेला उष्टा वारा
पात्यांवर आदळतो, पाती फिरतात,
आणि त्याच दांड्यावरची पलीकडची पाती
ताजी हवा कोंबतात त्याच्याच घशात.
टाकलेल्यावर जगणारं यंत्र.
म्हणून त्याला कायमचा उशीर.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?
पाय दाबायचा आणि वाट बघायची
वारा साठेपर्यंत.

ती वाट बघणं मोडायचे मला पगार मिळतात.
दांड्याच्या मधोमध आम्ही बसवली एक मोटर,
माझ्या मुठीएवढी, अठ्ठेचाळीस व्होल्टची.
वारा पोचायच्या आत ती दांडा फिरता ठेवते,
पाहुणे जिन्यात असतानाच
चहाचं आधण ठेवावं तशी.
वारा उतू जायला लागला
की तीच वीज करून बॅटरीत टाकते.
माझ्या आईइतकी हिशेबी.

लुबोर या खोलीचा जुना माणूस.
नऊ दिवसांनी निवृत्त.
तरुणपणी टेकड्यांवरच्या शर्यतीत गाडी चालवायचा,
शेजारी भाऊ ओताकार, मांडीवर वळणांची वही.
"वळण संपल्यावर पाय दाबलास तर हरलास,"
रायच्या पावाला लोणी फासत तो सांगतो,
"वळणात शिरतानाच दाबायचा.
समोर झाड असतं, रस्ता नसतो, तेव्हा.
ओताकार म्हणायचा: आत्ता!
आणि तो आत्ता खरं तर
सव्वा सेकंद पुढे असायचा."

एकदाच ओताकार बोलला नाही.
त्यापुढचं लुबोर सांगत नाही,
सुरी पुसतो, डबा बंद करतो.

आज दुपारी सत्ताविसावी चाचणी.
पडद्यावर दोन रेघा:
निळी, पायाने मागितलेलं.
लाल, इंजिनाने दिलेलं.
गेल्या वर्षी त्यांच्यात बोट मावत होतं.
आज लाल निळीवर जाऊन झोपली.
मिरेकने टेबल बडवलं,
कुणीतरी वरच्या मजल्यावर फोन लावला.

लुबोर पुढे वाकला, चष्मा कपाळावर ढकलून.
ग्रीसने काळं झालेलं नख
त्याने ठेवलं रेघांवर, जिथे फट असायची.
"इथे राहायचो आम्ही दोघं," म्हणाला,
आणि कूलंटचा नळ बंद करायला निघून गेला.

इंजिन थांबलं. दांडा अजून फिरत होता,
डासाच्या आवाजात, खाली खाली उतरत.
मी आलेख मोठा केला. दहापट. चाळीसपट.
होती अजून. केसाएवढी,
पण होती फट.

हाक मारावी का त्याला,
मला ठरवता येईना.