कोपऱ्यातला शंकू

एकशे चाळीस नग परत आले जहाजानं,
ज्या पेट्यांतून गेले त्याच पेट्यांतून.
ओतकाम निर्दोष. पृष्ठभाग असा, की गालावरून फिरवावा.
फक्त डाव्याचं उजवं झालेलं,
आरशात बघून कुंकू लावावं
आणि ते आरशालाच लागावं, तसं.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात
नखाएवढं चिन्ह होतं:
एक छाटलेला शंकू, शेजारी दोन वर्तुळं.
वर्तुळं कोणत्या अंगाला, त्यावर ठरतं
वस्तूकडे कुठून बघायचं.
शिरोलीत तो कागद सात जणांच्या हातांखालून गेला.
सातवा हात माझा.
तपासनीस म्हणून खाली सही आहे: सु. म. आवटी.

तेव्हापासून सोमवारी, भट्टी थंड असताना,
उद्यमनगरात वेल्डिंगच्या दुकानावरल्या माडीत
आम्ही बसतो.
फळा उसना. खडू माझा.
चहा ज्याची पाळी त्याचा.

पहिल्या दिवशी मी अधिक-उण्याचं चिन्ह काढलं.
म्हटलं, ही ढिलाई नव्हे,
न भेटलेल्या दोन माणसांतला हा शब्द आहे.
मागून कुणीतरी म्हणालं,
"आमच्यात त्याला 'चालतंय की' म्हणत्यात."
हसू ओसरल्यावर मी तेच फळ्यावर लिहिलं:
चालतंय की.
आणि खाली:
किती चालतंय, ते आकड्यात.

दत्तोबा सुतारांनी पिशवीतून पट्टी काढली,
पितळेची, फुटापेक्षा जरा मोठा फूट असलेली.
लोखंड निवताना अंग चोरतं,
म्हणून साचा करणाऱ्याची पट्टी आधीच खोटी.
"बाई, हे खोटं माप पोरांस्नी शिकवा,
न्हाईतर खरी वस्तू निघायची न्हाई."
मापात पाप नको, एवढंच मला ठाऊक.
मापातलं हे पुण्य माझ्या वहीत नव्हतं.

शाहीन शिकलगार, आयटीआयचं दुसरं वर्ष, विचारते कमी.
त्या दिवशी विचारलं:
"मॅडम, ही मानकं ठरवतं कोण?"
देशोदेशीची माणसं. एका टेबलाभोवती.
"आपली खुर्ची हाय?"
आहे.
"मग तिच्यात कोण बसतं?"
मी फळा पुसायला घेतला.
जरा जास्तच वेळ पुसला.

पुढच्या सोमवारी मसुदा घेऊन गेले,
हरकतींसाठी खुला, मुदत शुक्रवारपर्यंत.
कलम पाच: आकुंचनाची सूट.
वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगितलं.
दत्तोबा डोळे मिटून ऐकत होते,
मला वाटलं पेंगले.
"चुकलंय," ते म्हणाले.
"जाड अंग आन् पातळ अंग एका दरानं कसं निवंल?
भाकरीचा काठ आन् मध्य एकदम शेकतोय व्हय?"

मग आम्ही रकाने भरले.
कलम. हरकतीचा प्रकार: तांत्रिक.
सुचवलेला बदल: भिंतीच्या जाडीनुसार वेगळी सूट.
शाहीननं वर्कशॉपमधून बारा तुकड्यांची मापं आणली,
दोन घेतली मी पुन्हा, एक तिचंच बरोबर निघालं.
रात्री अकराला अर्ज गेला.

"माझी भाकरी कुठाय त्यात?"
रकान्यात मावली नाही, दत्तोबा.
"आन् नाव?"
नाव तिथं देशाचं जातं.
त्यांनी पट्टी पुसली, पिशवीत ठेवली.
जिना उतरता उतरता म्हणाले,
"चालतंय की."

उत्तर अजून आलेलं नाही.
कदाचित कलम तसंच राहील.
दोघं-तिघं नवे येतात आता, गोकुळ शिरगावहूनही.
आज शाहीन फळ्याशी होती.
तिनं शंकू काढला, खडू एका पोराच्या हातात दिला.
त्यानं वर्तुळं चुकीच्या अंगाला काढली.
कुणी हसलं नाही.
त्या एकशे चाळिसांतला एक नग
आमच्या दाराला टेकवलेला असतो,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.