घोडा कुठून आणायचा

सुरंगीच्या मानेवर पहिली चामखीळ दिसली
तेव्हा मला वाटलं गोचीड.
चिमटीत धरून ओढली, तर कालवडीने
पाण्याची बादली लाथाडली
आणि असं पाहिलं, जसं मीच तिचं काही चोरतेय.

पंधरवड्यात अकरा झाल्या.
कानामागे, गळ्याच्या पोळीवर,
एक तर डाव्या डोळ्याच्या अगदी कडेला.
कुणी फणस सोलत बसावं
आणि साल तिच्या अंगावर टाकत जावी, तसं.

सोसायटीत दुधाच्या आधी
सल्ल्यांचं माप होतं.
सत्यवती म्हणाली, काजूच्या टरफलाचं तेल लाव, जळून जाईल.
तिच्या नवऱ्याचं कोपर मी पाहिलंय:
चामखीळ गेली, जाताना कातडी घेऊन गेली.
पपईचा चीक. चुना.
अवसेच्या रात्री उलट्या केरसुणीने सात वेळा.
धाकू झोरे, ज्याची हयात गुरांमागे गेली,
सगळे बोलून दमल्यावर बोलला:
घोड्याच्या शेपटीचा केस.
मुळाशी बांधायचा. रोज थोडा आवळायचा.

मयेत घोडा?
आमच्याकडे घोडे येतात ते शिगम्याला, घोडेमोडणीचे,
लाकडी तोंडाचे, कमरेला बांधलेले,
आणि खाली पाय सगळे आपल्याच पोरांचे.
मी हसले. धाकू हसला नाही.

मंगळवारी डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या,
गमबूट चढवले, बोटाने एकेक चाचपली.
विषाणू आहे, म्हणाल्या, कोवळ्या गुरांना धरतो,
वय वाढेल तसं अंग आपणच शिकतं.
दावं वेगळं ठेवा, खरारा वेगळा.
डोळ्याजवळचीला हात लावू नका.
आणि बाकीच्या?
थांबा, म्हणाल्या.
थांबा हे औषध मला कधी मानवलेलं नाही.

संध्याकाळी अर्ध्या लिटरला येणाऱ्या
कायतान मेस्त्रेने हे सगळं ऐकलं होतं
कुडणापलीकडे उभं राहून.
दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून
वर्तमानपत्राची पुडी काढली.
आत लांब केसांची जुडी, पिवळटलेली,
राळेचा वास मारणारी.
रबेकीच्या गजाचे, म्हणाला. अस्सल शेपटीचे.
बावीस वर्षं लदाईंना वाजलेत.
घे, हा तुझा घोडा.

नवे केस भरायला दिलास का गज? मी विचारलं.
सुरंगी हलतेय, तो म्हणाला, गाठ बघ.

तो तिचा कान धरून उभा राहिला.
त्याचा हात थरथरत होता; मला आधी वाटलं कालवडच थरथरतेय.
राळेमुळे गाठ घसरत नव्हती.
चौथ्या चामखिळीला मी वाकले
तेव्हा त्याची हनुवटी माझ्या डोळ्यांसमोर आली.
जबड्याखाली, डावीकडे,
रुपयाएवढा घट्टा, काळा, खरखरीत.
मी पाहतेय हे त्याला कळलं.
ही माझी, म्हणाला.
हिला केस चालत नाही, केसानेच आलीय.

दहा बांधल्या. आठव्या दिवशी
गव्हाणीत मला एक सापडली,
उन्हात विसरलेल्या सोलासारखी.
मग दोन. मग मोजणं सोडलं.
चवथीच्या आसपास डोळ्याजवळचीही गेली,
जिला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगितलं नव्हतं?
धाकू म्हणाला, सांगितलं नव्हतं?
मी दोघांनाही हो म्हटलं.

उरलेले केस वाशात खोवून ठेवलेत.
परत देऊ का विचारलं,
तर मेस्त्रेने ऐकलंच नाही.
तो सुरंगीच्या मानेवरून हात फिरवत होता,
कानापासून पोळीपर्यंत, सगळं सपाट, ऊबदार,
आणि ती डोळे मिटून मान आणखी वर करत होती.
मग मी चरवीत वाकलेय असं समजून
तोच हात त्याने
स्वतःच्या जबड्याखाली नेला.

अर्धा लिटर. वहीत लिहिलं.
देव बरें करूं, तो म्हणाला,
मला की तिला, कळलं नाही.