बांधाच्या कडेनं

गुरुवारी नऱ्ह्याच्या शेडमध्ये लाइट नसते.
लेथ गप्प, पट्टे गप्प, मालक सासवडला.
मी पहाटे साडेचारला गाडी काढतो,
पाठीला दोन तुकड्यांची काठी, डबीत सहा रबरी बेडूक.
खानापूर ओलांडेपर्यंत बोटं गारठतात
आणि दहा वाजता तीच बोटं तापल्या रिळाला चिकटतात.
हस्त संपून चित्रा लागल्यावर असंच,
एका दिवसात दोन शिफ्टा.

वरसगावच्या फुगवट्याला पाणी वितभर उतरलेलं.
काठाला चिखलाची ओली पट्टी,
तिच्यावर बगळ्यांनी पायांनी मांडलेली वजाबाकी.
गाळ खाली बसलाय. पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं.

मी ताकद लावून फेकतो. दूर. अजून दूर.
बेडूक पार मध्यावर पडतो
आणि एकटाच पोहत परत येतो.
अकरा वेळा.

चिमाबाई हिलम खेकड्यांची टोपली खाली ठेवते.
"मधी काय हाय?" विचारते.
"मधी निस्तं पाणी."

मग हातातल्या कारवीच्या काडीनं
पाण्यावर एक रेघ ओढून दाखवते,
त्या बुडक्या उंबराच्या शेंड्यापासून ह्या खडकापर्यंत:
"हितनं बांध हाय. कमरेएवढा.
मीच घातलाय, आईसंगं, रोजानं.
शेत दुसऱ्याचं. पैसं त्याला मिळालं, तो गेला दौंडाकडं.
बांध ऱ्हायला.
मरळीला बांध लागतो. एका अंगाला पाठ टेकायची,
दुसऱ्या अंगाला वाट बघायची.
थंडीच्या आधी पोट भरायचं असतं तिला.
बारकी मासळी उथळात आली, की ती बी येती."

मी जागा बदलली. बांधासमोर नाही,
बांधाच्या रेषेत उभा राहिलो.
हे मला आधीच कळायला हवं होतं.
सव्वीस वर्षं लोखंडाच्या कडेनं चालतोय,
जे काय कापलं जातं ते कडेलाच.

बेडूक टाकायचा बांधाच्या जरा पलीकडे, पान गळाल्यासारखा.
थांबायचं.
वलयं विरेपर्यंत थांबायचं.
एक टिचकी. परत थांबायचं.
आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही.
आणि पाणी फुटलं की
ओढायचं नाही.

पाणी फुटलं, मी ओढलं.
बेडूक कानाजवळून सणकत मागच्या घाणेरीत.

चिमाबाई हसली नाही.
"घास तोंडात गेला का बघ तरी.
दोन मोज."

उंबरापाशी बुडबुडा. गुळुक.
मरळ हवा प्यायला वर येते, माणसासारखी,
तेवढ्यावरनंच सापडते.

टाकला. थांबलो. टिचकी.
पाण्याचं दार कुणीतरी आतून लाथाडलं.
एक.
एवढा लांब एक मी कधी मोजला नव्हता.
दोन.

दीडेक किलो असेल. काळी, पोटाला पिवळट,
हातात धरली तर मनगटाचाच एक भाग वाटावी अशी.
मी चिमाबाईला देऊ केली. तिला मासा नको होता,
तिला फाटका बेडूक हवा होता, नातवाला.
मी चांगला देत होतो. तिनं फाटकाच घेतला.

ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठीशी बांधली.
खडकवासल्याला गाड्यांची रांग, कणसं भाजल्याचा वास.
पाठीशी हलली.
नांदेड फाट्याच्या सिग्नलला परत.
शेजारच्या स्कूटरवरची पोरगी गोणीकडे बघत राहिली,
मी समोर.

"अजून जित्तीय?" मंदा म्हणाली. "उद्या कर काय ते."

रात्री मोरीत बादली, वर परात, परातीवर पाटा.
दर थोड्या वेळानं गुळुक.
अडीचला उठलो. मोबाइलच्या उजेडात बघितलं:
बादलीच्या कडेकडेनं फिरत होती,
सावकाश, एकाच दिशेनं,
पाठ टेकायला.