साडेदहाच्या दिशेला

कल्ब्याला पोचलो तेव्हा पावणेसहा. अंधारच.
गाडी जावयाची. त्याने तीनदा बजावलं होतं,
उजवीकडून चालवा बाबा, उजवीकडून.
डोंगरातला शेवटचा बोगदा संपला तशी
विद्युल्लतेने काच खाली केली
आणि नुसत्या वासावरून म्हणाली, खाडी आली.

खारफुटी इथेही तीच.
चिखलातून वर आलेली तीच बोटं, भरतीची वाट बघणारी.
फक्त मागचे डोंगर पार उघडे,
गवताचं एक पातं नाही अंगावर.

कॅमेरा तिचा.
एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
बेडकांच्या बरण्या पुसल्या,
आणि निवृत्तीच्या पैशातून पहिल्यांदा
स्वतःसाठी काही घेतलं ते हे. कोपराएवढी लेन्स.
मी तिपाई वाहतो, पाण्याची बाटली वाहतो,
गेल्या श्रावणापासून थोडी नजरही वाहतो.
तिच्या दोन्ही डोळ्यांतला मधला भाग पुसत चाललाय,
फळ्यावर ओलं फडकं फिरवावं तसा.
कडा दिसतात तिला.
मधलं मी सांगतो.

म्हणून आमची ही भाषा. समोरचं झाड म्हणजे घड्याळ.
"साडेदहा. दुसरी फांदी. जरा खाली."
"कुठे?"
"अगं, साडेदहा."
"तुझं साडेदहा की माझं?"
अडतीस वर्षांच्या संसारात
इतका मुद्द्याचा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.

पहारेकरी कासरगोडचा, मोइदीनकुट्टी.
थर्मासच्या झाकणातून चहा दिला आणि हिंदीत म्हणाला,
तुमचा तो खंड्या इथून हलत नाही.
एवढा समुद्र समोर, पण जाणार कुठे नाही.
थोड्याच जोड्या राहिल्यात.
मी विचारलं, तुम्ही किती वर्षं?
सतरा, म्हणाला,
आणि वाकून एका कावळ्याला खडा मारला.
हे सगळे आपल्याकडचे, जहाजावर बसून आलेले.
यांना कोण विचारतं व्हिसा!

सात वाजून गेले आणि तो आला.
गळ्याभोवती पांढरी पट्टी, पाठ निळी.
शाईसारखी निळी नव्हे,
कल्हई उडालेल्या तांब्यावर चढतो ना रंग,
हिरव्याकडे कललेला, तसली.
चोचीत खेकडा. फांदीवर आपटला,
एकदा, दोनदा, घाटावर धुणं आपटावं तसा.
मी कुजबुजलो, बारा. नाही, साडेबारा. थांब. आता!
तिचं बोट बटणावर,
माझं हवेत, पुढे, अगदी पुढे.

मग तो उडाला.
पाण्याला लागून एक निळी रेघ गेली, ती मी पाहिली.
तिने विचारलं, "गेला?"
मी म्हणालो, "आहे. बसलाय."
का म्हणालो, अजून कळलेलं नाही.
तिने श्वास धरला
आणि रिकाम्या फांदीचे अकरा फोटो काढले.

रात्री शारजात, केतकीच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर
ती एकेक फोटो पुढे सरकवत होती,
मान तिरकी करून, कडेकडेने बघत.
आधीच्या सगळ्यांत खंड्या धूसर, निळा डाग नुसता,
आणि कोपऱ्यात माझी तर्जनी,
सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ.
नातू हसला. आजोबांचं बोट कुठल्या जातीचं?
मग आली फांदी. फांदी. फांदी.
मी उठून उगाच पाणी प्यायला गेलो.

झोपताना दिवा घालवून ती म्हणाली,
"तेव्हाच कळलं होतं मला."
"काय?"
"'आहे' म्हणालास.
किती वाजता आहे, ते नाही सांगितलंस."

बऱ्याच वेळाने पुन्हा तिचाच आवाज,
उद्याचा गजर चारचा लाव.
आणि नखं काप ती, फोटोत दिसतात.