तंगूस

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथवर गोणपाट, खाली कालच्या चिपांचा ढीग,
आणि पहाटे साडेचारला बाबालाल मुल्लाणी
गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा
एकदाच वाजवायचा.
आला तर आला.

कॅरियरला दोन काठ्या, हँडलला बिस्किटांचा गंजका डबा.
एका कप्प्यात गळ, नंबरवारी, रॉकेलच्या बोळ्यात.
एकात फौंड्रीच्या भंगारातून वितळवलेलं शिसं,
हरभऱ्याएवढं, वाटाण्याएवढं,
आणि चिंचोक्याएवढा एकच तुकडा,
बंधाऱ्याखालच्या ओढीसाठी.
मोरपिसाच्या देठाचे तरंगे, टोकाला लाल नेलपॉलिश,
बायकोच्या डब्यातली, तिला न विचारता.
आणि तळाशी माझा बेडूक:
सागवानात टर्न केलेला, पोटात छर्रे,
पाठीवर मशीनचाच हिरवा ऑईलपेंट.
त्याला तो 'इंजिनेर' म्हणायचा.

"आदी पाणी बघ. गळ मागनं बांध."

उन्हाळ्यात कळंब्याला, केंदाळाच्या कडेला,
जिथं पानं मधेच हलतात आणि वारा नसतो.
मरळ श्वास घ्यायला वर येते, बुडुक,
तिथं टाकायचं नाही, तिथून चार हात पुढं टाकायचं
आणि बेडूक ओढत आणायचा तिच्या डोक्यावरून,
थांबत, थांबत,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.

बंधाऱ्याचे बरगे निघाले, नदी तांबडी झाली,
की तरंगा डब्यात.
गांडूळ, जाड तंगूस, चिंचोका तळाला,
दोरा तर्जनीवर धरायचा आणि डोळे मिटायचे.
वाम हळूच ओढते, शिंगटा हिसका मारतो,
काठाला अडकलेली साडी नुसतीच जड लागते.
ते बोटाला कळायला मला तीन पावसाळे लागले.

थंडीत तुळशीच्या फुगवट्यावर.
पाण्यातून वाफ, कणकेत हिंग,
केसाएवढा दोरा.
"गारठ्यात मासा आळशी हुतो,
आपुन त्येच्याहून आळशी व्हायचं."
यात मी पहिल्या दिवसापासून तरबेज.

श्रावणातला सोमवार. घरी उपास.
एका खणीच्या कोपऱ्यात पाण्यावर लालसर ढग,
शेंगदाण्याएवढी पिल्लं, शेकडो,
एकदम वर, एकदम खाली.
बाबालालनं काठी मांडीवर आडवी ठेवली.
मी टाकला.
पहिल्याच ओढीला पाणी फुटलं.
दोन किलोची तरी असेल,
काठावर आणली, हात थरथरत होते, हसत होतो.

मग पाण्याकडं बघितलं.
ढग पांगला होता,
आणि चारी बाजूंनी चिलापी आत घुसत होत्या,
टिप् टिप् टिप्,
कुणी फुटाणे खावेत तशा.

गळ खोल गेलेला. काटा निघेना.
निघाला तेव्हा तिच्या कल्ल्यातून रक्त येत होतं.
सोडली. कडेला उलटी झाली, सावरली, पुन्हा उलटी झाली.
बाबालाल काही बोलला नाही.
चहाच्या गाडीवर दोघांचे पैसे त्यानंच दिले,
एवढंच.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत
कानस घेतली आणि बेडकाच्या दोन्ही गळांचे काटे
घासून साफ केले.
आता दहातल्या सात सुटतात.
झोकात उडी मारतात, बेडूक थुंकतात, जातात.

यंदा गाळप सुरू झालं आणि नदीत मळी सुटली.
आठ दिवस पांढरी पोटं वर. कुणी पोत्यानं भरून नेली.
आम्ही पुलावर उभे, डबा बंद.
"बघ," तो म्हणाला, "ह्यास्नी गळ बी लागला न्हाई."

त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू.
दोरा मी ओवतो, गाठ मी मारतो,
तो ती ओठांनी ओली करतो, दातात धरून ताणतो,
आणि नाक मुरडून म्हणतो,
"परत मार."