फुगवा

मार्च संपत आला तरी खाडीत बर्फ.
फेरीबोट आठ दिवस पलीकडच्या धक्क्याला अडकलेली,
न्यूफाउंडलंडचं हे टोक नकाशात असून नसल्यासारखं.
दुकानात मनुकांचं शेवटचं पाकीट होतं.
ड्रुसिला म्हणाली, मागच्या वर्षीचं आहे हं, फिलोमिना.
मनुकांना कसलं आलंय मागचं वर्ष?
एकदा सुरकुतलं की वयाचा प्रश्नच मिटतो.
घेतलं.

सकाळच्या उरलेल्या चहात त्या भिजत घातल्या.
कुठल्याशा उन्हाच्या देशात वाळल्या असतील,
इथं त्यांच्या वाट्याला केटलीची वाफ.

यीस्टला दूध कोमट हवं,
तान्ह्याच्या अंघोळीच्या पाण्याइतकं.
दहा मिनिटं वाट बघायची.
फेस आला तर जिवंत,
नाही तर सगळा खटाटोप कोंबड्यांना.
आला.

मळताना उजवा खांदा बोलतो:
मासे कापायच्या कारखान्यातली एकोणीस वर्षं.
बोलू दे.
तळव्यानं पुढं रेटायचं, बोटांनी मागं ओढायचं,
पाव वळसा, आणि परत.
मग टॉवेलखाली झाकून चुलीच्या उबेला.
दीड तास.

दीड तासात माणूस काय करणार?
खिडकीतून भावाचं घर बघणार.
लिअँडर.
चाळीस पावलं. कुंपण नाही, नुसतं गवत,
आता तर तेही नाही, सपाट पांढरं.
नऊ वर्षं अबोला.
बापाची होडी त्यानं मला न विचारता विकली,
टोरांटोच्या कुणा हौशी माणसाला,
ज्यानं ती अंगणात मांडून तिच्यात माती भरली
आणि फुलं लावली.
होडीत. पेटुनिया.

तो फुगून बसला, मीही फुगून बसले.
कणकेचं बरं असतं,
टॉवेल काढून मुठीचा एक ठोसा दिला
की फुस्स करून सगळा फुगवा सोडते.
आम्हाला ठोसा द्यायला
घरात कुणी उरलंच नव्हतं.

दालचिनी कणकेत मळायची नाही,
यीस्ट तिच्यापुढं मान टाकतं.
आधी लाटून घ्यायचं, लांबट, उशीच्या अभ्र्याएवढं,
वर साखर आणि दालचिनी भुरभुरायची, मनुका पेरायच्या, गुंडाळायचं.
आणि लोणी लावायचं नाही, आई बजावायची.
लोण्यानं थर सुटतात,
भाजल्यावर मधे पोकळी राहते,
सुरी लावली की वेटोळं एकीकडं, पाव दुसरीकडं.
नुसता दुधाचा हात फिरवायचा.
एवढ्यावर धरून राहतं.

आईचे साचे जोडीचे आहेत,
पत्र्याच्या पट्टीनं एकमेकांना डकवलेले.
एक पाव भाजायचा म्हटला तरी
दुसरा साचा ओव्हनमध्ये सोबतीला जातोच.
रिकामा ठेवला तर करपतो.
नऊ वर्षं तो दुसरा पाव
चर्चला गेला, ड्रुसिलाकडं गेला, फ्रीजरमध्ये गेला,
एकदा तर कावळ्यांनाही.

आज का कोण जाणे,
निळ्या काठाच्या बशीत ठेवला, वर टॉवेल टाकला,
बूट चढवले.
चाळीस नव्हे, त्रेपन्न पावलं झाली.
बर्फात पाऊल लहान पडतं.
पायरीवर बशी ठेवली, दार वाजवलं नाही,
आपल्याच पावलांवर पाय देत मागं आले
म्हणजे कुणाला वाटावं, गेलेच नव्हते.

सकाळी बशी माझ्या पायरीवर.
टॉवेल चौघडी घातलेला, धुतलेला नाही.
चिठ्ठी नाही. बर्फावर ठसे मात्र होते,
त्यानं ते लपवायची तसदी घेतली नव्हती.
टॉवेल उचलला.
बशीच्या निळ्या काठाकाठानं
मनुका मांडलेल्या, एकीशेजारी एक,
सहा वर्षांचा असताना मांडायचा तशाच,
आईचं लक्ष नसताना
माझ्याकडं सरकवायचा तशाच.

मोजल्या. तेवीस.
उंबऱ्यात उभ्यानंच एकेक खाल्ली.
गार होत्या, उष्ट्या होत्या,
दालचिनीचा वास अजून धरून होत्या.

होडीचं मी अजून विसरलेले नाही.
बोट आली की दोन पाकिटं आणायची.